गाडीच्या काचेवरचा बर्फ कसा काढावा? (उलथनं वापरून झालं आहे)

पहिला_हिवाळा

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

आम्ही ऑगस्टात पुण्याहून जर्मनीत आलो, श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. ऑक्टोबरात सेकंडहँड गाडी घेतली. गॅरेज नाही, गाडी रात्रभर घरासमोर रस्त्यावर असते. सकाळी साडेसातच्या आत लेकीला पाळणाघरात सोडून मला ट्रेन गाठायची असते.

सोमवारी बाहेर उणे ७ होतं. गाडीपाशी गेले तर पुढची काच पांढरीफटक. भुरभुर नव्हे, काचेला घट्ट चिकटलेला थर. नखाने खरवडून पाहिलं तर नखच दुखलं. घरात खरवडणी नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टीलचं उलथनं आणलं. बर्फ निघत होता हो! पण अर्धी काच होईतो सव्वासात झाले. नवऱ्याने किटलीत पाणी तापवलं, त्यात गार पाणी मिसळून कोमट केलं आणि ओतलं. काच एका झटक्यात स्वच्छ. आम्ही खूश. लेकीला सीटमध्ये बसवून पट्टा लावेपर्यंत त्याच पाण्याचा नवा, आरशासारखा गुळगुळीत बर्फ झाला होता.

खरा घोटाळा पुढे आहे. दोन आठवड्यांपूर्वी महामार्गावर खडा उडून काचेवर मसुराएवढा टवका गेला होता, डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ. आता त्यातून वीतभर लांब तडा वर गेलाय. आणि संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे आले की उलथन्याच्या रेघा चमकतात, अर्धगोल, रांगोळीसारख्या.

तर, तडा पाण्याने गेला का? रोज सकाळी दहा मिनिटांत काच साफ करायची बरी रीत कोणती? आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, मीठ टाक. टाकू का?

जुना_खटारा

मिशिगनमध्ये २२ हिवाळे काढलेत, त्या हक्काने सांगतो.

तडा पाण्यानेच. पुढची काच म्हणजे काचेचे दोन पातळ तावे आणि मधे प्लॅस्टिकचा पडदा. वरून कोमट पाणी पडलं की बाहेरचा तावा लगेच फुगू पाहतो, आतला गारच असतो. तुमची काच उणे ७, पाणी समजा ४०, म्हणजे फरक ४७ अंशांचा. धडधाकट काच एखादे वेळी हे सोसते. टवका असेल तर सगळा ताण त्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून रेघ धावते. 'कोमट' हा शब्द आपल्या हाताच्या मापाचा आहे, काचेच्या नाही. शिवाय ते पाणी वाहून वायपरच्या खाचेत आणि खाली जमिनीवर गोठतं, त्यावर आपणच घसरतो.

मीठ नको. बर्फ वितळेल, पण खडे काचेवर घासले जातील आणि खारं पाणी पत्र्याच्या सांध्यात जाईल. गंज हवाय का?

आलं_घालून_चहा

आता डोसे कशाने उलटता, तेवढं सांगा. :)

पहिला_हिवाळा

त्याच उलथन्याने. त्याला काहीच झालेलं नाही. डोसेही नीट निघतात.

कुडकुड

मी म्युनिकला असते, ११ वर्षं झाली. इथल्या लोकांचा क्रम सांगते, ताई.

आधी 'आइसक्राट्सर', म्हणजे बर्फाची खरवडणी घ्या, कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो. जाड प्लॅस्टिकचा, एका बाजूला दाते, दुसरीकडे सरळ धार. दात्यांनी थरावर उभे चरे पाडायचे, मग धारेने ते तुकडे काढायचे. धार काचेला तिरकी टेकवा आणि एकाच दिशेने ढकला, वरून खाली किंवा मधून कडेला. पुढेमागे घासलंत तर बर्फात अडकलेली धूळ, वाळूचे कण काचेवर फिरतात आणि ओरखडे पडतात. दर दोन-तीन हातांनी धार पुसून घ्या. धार बोथट झाली, दंतुर झाली की फेकून द्या.

खरवडण्याआधी स्प्रे मारला तर निम्मं काम वाचतं. दुकानात 'शाइबेनएन्टआइझर' म्हणून मिळतो. घरी करायचा तर दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग पाणी. ते अल्कोहोल उणे ८९ पर्यंत गोठत नाही, त्यामुळे मिश्रणही आपल्या थंडीत पातळच राहतं. वरच्या कडेपासून मारा, खाली ओघळू द्या, मिनिटभर थांबा. त्या वेळी गाडीचा पंखा बंद ठेवा, कारण हवा आत घ्यायची जाळी काचेच्या बुडाशीच असते, सगळा वास आत येतो. आणि ते पेट घेतं, तेव्हा शेजारी सिगारेटवाला नको.

एक महत्त्वाचं. इंजिन चालू करून, हीटर लावून बाहेर खरवडत उभं राहायचं नाही. भारतातून आलेले आपण सगळे हेच करतो. इथे विनाकारण इंजिन चालू ठेवल्याबद्दल ८० युरो दंड होऊ शकतो. काचेवरच्या बर्फाला पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढं भोक पाडून त्यातून बघत गाडी काढली तर १० युरो. दंड लहान वाटेल, पण त्या भोकातून अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. मागची काच, बाजूच्या काचा, आरसे, दिवे, सगळं मोकळं हवं. टपावरचा बर्फही. ब्रेक मारला की तो अख्खा पुढच्या काचेवर सरकतो, मी भोगलंय.

जुना_खटारा

आमच्याकडे रिमोटने इंजिन लावून लोक आत कॉफी पीत बसतात. पण दोन गोष्टी. गॅरेजात कधीही नाही, दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलंय का, ते आधी पाहा.

ढगाळ

एक वेगळी शंका. माझी गाडी शेजारच्या झाडाखाली असते. हवेचं तापमान अधिक २ असतानाही समोरच्या उघड्यावरच्या गाड्या पांढऱ्या होतात, माझी नाही. असं का?

दवबिंदू

महाबळेश्वरचा माणूस आहे, हे आम्हाला शिकवू नका. :) वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी पेपरात येते, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. त्या वेळीही गावात मोजलेलं तापमान शून्याच्या वरच असतं.

निरभ्र रात्री काच आणि पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतात. ढग नसले तर ती परत येत नाही, म्हणून पृष्ठभाग हवेपेक्षा गार होतो, शून्याखालीही जातो. मग हवेतली वाफ थेट त्यावर हिम होऊन बसते. वर झाड, पत्रा, कार्पोर्ट (गाडीवरचं उघडं छप्पर) असलं की ते आकाश झाकतं. म्हणजे हवामानात अधिक ३ दिसलं आणि रात्र चांदणी, वारा पडलेला असेल, तर गाडी झाकून ठेवा. जमत असेल तर नाक पूर्वेकडे करून लावा, सकाळचं ऊन फुकट मिळतं.

कुडकुड

डिसेंबरात इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो हो. ताईंची ट्रेन तोवर गेलेली असते.

दवबिंदू

बरं, ते ऊन मागे घेतो. झाकण्याचं कायम.

गोधडी_प्रेमी

झाकण्यावरून आठवलं. पहिल्या वर्षी मी जुनी सुती चादर काचेवर पसरली होती. रात्री भुरभुर पाऊस, पहाटे थंडी. सकाळी चादर पापडासारखी कडक आणि काचेला चिकटलेली. ओढली तर अर्धी हातात, अर्धी काचेवर. पुठ्ठ्याचंही तेच होतं. काचेसाठी चंदेरी आवरण मिळतं तेच घ्या, पाणी न शोषणारं. दोन्ही टोकं दारात अडकवून दार लावायचं, म्हणजे वाऱ्याने जात नाही. सकाळी झटकलं, घडी केली, डिकीत टाकलं. माझे १० मिनिटांवरून २ मिनिटांवर आलेत.

हौशी_मेकॅनिक

वायपरबद्दल कोणी बोललं नाही. रात्री गाडी बंद करायच्या आधी वायपरची कळ बंद करा. पाऊस पडताना गाडी बंद केलीत आणि कळ 'ऑटो'वर राहिली, तर सकाळी किल्ली फिरवताच काचेला चिकटलेला वायपर मोटर ओढायला बघते. रबर फाटतं, नाहीतर फ्यूज जातो, नाहीतर मोटरच. रात्री वायपर उभे करून ठेवता आले तर उत्तम. काही गाड्यांत ते आधी सर्व्हिसच्या स्थितीत आणावे लागतात, पुस्तिकेत बघा.

काच धुवायच्या टाकीत अजून उन्हाळ्याचं पाणी असेल तर ते संपवून हिवाळ्याचं भरा, उणे २० चं. आणि ते भरलं असलं तरी निघाल्या निघाल्या, काच गार असताना फवारू नका. चालत्या गाडीच्या वाऱ्यात त्यातलं अल्कोहोल उडतं आणि उरलेलं पाणी डोळ्यांदेखत गोठतं.

पहिला_हिवाळा

किती छान माहिती! पण आतल्या बाजूचं काय? काल बाहेरून सगळं साफ केलं आणि आत बसले तर आतूनही पांढरं. आतून खरवडू का?

हौशी_मेकॅनिक

आतून खरवडायचं नाही. पुढे तिथे कॅमेरा-सेन्सर असतात, मागच्या काचेवर तापवायच्या बारीक तारा असतात, एक तुटली की तेवढी पट्टी कायमची गार. आतलं हिम म्हणजे तुमच्याच गाडीतलं पाणी: बुटांचा बर्फ, ओल्या चटया, लेकीचा ओला कोट. चटई रात्री घरात आणून वाळवा. घरी पोचल्यावर दोन मिनिटं सगळी दारं उघडी टाका, आतली दमट हवा जाऊ द्या. सकाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. हवा आतल्या आत फिरवायची कळ बंद, एसी चालू. थंडीत एसी म्हटल्यावर बायको हसते, पण फार थंडी नसेल तर एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती तापवतो. दोन्ही मिळून काच मोकळी होते.

कुडकुड

तड्याचं राहिलंच. तुमच्या विम्यात 'टाइलकास्को' (आपल्याच गाडीच्या ठरावीक नुकसानीचं संरक्षण) असेल तर काच फुटणं त्यात येतं, फक्त तुमचा ठरलेला हिस्सा भरावा लागतो. टवका तेव्हाच भरून घेतला असता तर बऱ्याच कंपन्या तो हिस्साही घेत नाहीत. आता तडा गेलाय, शिवाय कडेपासून १० सेंमीच्या आत असेल, तर भरून चालणार नाही, काच बदलावी लागेल. तोवर वर पाणी नाही आणि हीटरचा पहिला झोत थेट काचेवर नाही.

पहिला_हिवाळा

मंडळी, उशिरा आले, पण सांगायला आले.

काच बदलली. कॅमेरा पुन्हा जुळवण्यात अर्धा दिवस गेला. चंदेरी आवरण आणलं, प्लॅस्टिकची खरवडणी आणली, चटया रोज रात्री रेडिएटरपाशी वाळतात. आज उणे ५ होतं, चार मिनिटांत निघालो. स्प्रे घरातच ठेवलाय. तो गाडीत ठेवला आणि दारच गोठलं, तर काय उपयोग, हे माझं मलाच सुचलं.

काच काढताना मेकॅनिकने रेघांवरून नख फिरवलं. नख अडकलं. 'पॉलिश करून जाणार नव्हत्या,' म्हणाला, 'हे केलं कशाने?' मला शब्द येईना. हवेत हाताने डोसा उलटून दाखवला.

'फानेनवेंडर?' त्याने विचारलं.

उलथन्याला जर्मनमध्ये फानेनवेंडर म्हणतात.