दाभोळी नौदलाकडेच राहू द्या

नौदलाने गोव्यातलं दाभोळी सोडून तिथला विमानतळ पूर्णपणे प्रवाशांना द्यावा, हे मत मला अजिबात पटत नाही. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवामुक्तीच्या कारवाईत, आपल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी तिथली धावपट्टी फोडली, टर्मिनल मात्र मुद्दाम शाबूत ठेवलं. रात्रीतून खड्डे कसेबसे बुजवून पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं निसटलीच! नौदलाचा हवाई तळ, आयएनएस हंसा, कोइमतूरहून तिथे आला तो १९६४ मध्ये.

सुरक्षेचं म्हणाल, तर कराचीचा पाकिस्तानी नौदलाचा मेहरान तळ आठवा. २०११ मध्ये मूठभर हल्लेखोर कुंपणातून आत शिरले आणि दोन ओरायन टेहळणी विमानं जळून गेली. म्हणून दाभोळीच्या कुंपणालगतच्या बांधकामांवर नौदलाची हरकत मला रास्तच वाटते. आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरही वायुसेना आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात, कुणाचं अडतंय का?