शेंबी, वळं की नुसती रिंग?

एडिसनकर: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्या पूल खेळायच्या क्यूबद्दल, म्हणजे टेबलावरचे बॉल मारायच्या काठीबद्दल, लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. क्यू हौसेने इथल्याच एका कारागिराकडून करून घेतलेली, 58 इंची, मधे स्क्रूने जोडायची. सांध्यापाशी, मुठीच्या दोऱ्याच्या वर, खाली आणि बुडाशी नक्षीच्या गोल पट्ट्या आहेत, जर्मन सिल्व्हरच्या दोन कडांमधे मेपल आणि आबनुसाचे तुकडे आलटून पालटून. सांध्याजवळची फुटली म्हणून दुसऱ्या एकाकडे टाकली तर त्याने घातली ती पांढरीफटक, तुकडेपण दोन कमी, आणि बाकीच्या जुन्या तिन्ही मधासारख्या पिवळ्या. मी लिहिलं "शेंबी बदलली". बायको म्हणते शेंबी टोकाला असते, मधे कुठून आली? काय लिहू?

गूळपोळी: वहिनींचं बरोबर आहे. छत्रीची शेंबी, मुसळाची शेंबी. आमच्या आजोबांच्या काठीची तर झिजून झिजून पत्र्यासारखी झालेली, तरी बदलू द्यायचे नाहीत. लाकूड चिरू नये म्हणून टोकाला बसवतात ती शेंबी. तुमच्या क्यूलाही आहे की, चामड्याच्या टिपखालची पांढरी नळी.

खडूफळा: शेंबी शिंगावरून आलाय. पूर्वी काठीच्या टोकाला शिंगाचा तुकडा बसवायचे.

गूळपोळी: काहीही! संस्कृतात शम्ब म्हणजे मुसळाचं लोखंडी टोक, त्यावरून.

खडूफळा: मग शेंबूड पण मुसळातूनच का?

लेथवाला: पंचवीस वर्षं लेथवर काढली, शेंबी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. जाड असेल तर बुश, पातळ असेल तर वायसर, मधलं काही असेल तर रिंग, विषय संपला. आणि साहेब, तुमची एकच रिंग नवी करून जुळणारच नाही. हे तुकडे कडेकडेने चिकटवून आधी अख्खी नळी करतात आणि तिच्या चकत्या पाडतात, म्हणजे सगळ्या एकाच नळीतल्या असल्या तरच तुकडा तुकड्यासमोर येतो. मेपल तर जुनं झालं की पिवळं पडतंच. चारही एकदम बदला. पण मुठीजवळची काढायची तर खालचा भाग उतरवावा लागेल, बाहेरून ओवता येत नाही, त्याला पैसे पडतील.

शुद्धमती: रिंग काय रिंग! वळं आहे, कडं आहे, वेढं आहे. घरात इतकं असताना उसनवारी कशाला? चोपदाराच्या काठीला काय चांदीच्या रिंगा म्हणणार? "वेढं" लिहा, किती गोड शब्द.

खडूफळा: वेढं बोटातलं, तेही तारेचं. आणि कडं लिहिलंत तर अनेकवचन कडी, "कडी जुळेना" वाचून लोक दाराला कुलूप शोधतील.

लेथवाला: वायसर तरी कुठे आपलं? वॉशरचं झालंय. तोंडात बसलं की आपलंच.

शुद्धमती: ही पळवाट आहे. उद्या भाकरीला ब्रेड म्हणाल.

गूळपोळी: मग ताई, जर्मन सिल्व्हरपासून सुरुवात करा ना, त्यात चांदीचा कणही नाही, तांबं, निकेल आणि जस्त. आमच्या आईने ते तबक बरीच वर्षं चांदीचं म्हणून हळदीकुंकवाला मिरवलं, सोनाराने सांगितलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही.

एडिसनकर: लेथवाले दादा, पटलं, चारही एकाच नळीतल्या करायला सांगितल्यात, जुन्या डबीत ठेवून देणार. पण शब्दाचं काय? संपादकबाई उद्या मजकूर मागतायत आणि बायको आता "बांगडी लिही" म्हणतेय.

शुद्धमती: बांगडी चालेल एक वेळ, पण वेढंच.

खडूफळा: गूळपोळी, तबकावरून आठवलं, आमचं पार काळं पडलंय. चिंच चालते का जर्मन सिल्व्हरला?