दहावी इंग्रजी: अलंकार ओळखता येतो, पण स्पष्टीकरणात गुण जातात

प्रश्न
मुलगी दहावीला आहे. इंग्रजी कुमारभारतीतली शेक्सपिअरची ‘ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज’ ही माणसाच्या सात अवस्थांवरची कविता चालू आहे. सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक) ही नावं ती बरोबर सांगते, पण कारण लिहायचं झालं की ‘बिकॉज लाइक इज युज्ड’ एवढंच लिहून थांबते. अ‍ॅलिटरेशन (अनुप्रास) तर तिला जिथे-तिथे दिसतं. आणि या कवितेची ऱ्हाइम स्कीम (यमकांची रचना) काय लिहायची?

उत्तर १
मराठीच्या तासाला उपमेची चार अंगं शिकवतात: उपमेय (ज्याची तुलना होते), उपमान (ज्याच्याशी होते), साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द. इंग्रजीच्या उत्तरात तीच चार उतरवायची आहेत. ‘लाइक’ हा त्यातला फक्त साधर्म्यवाचक शब्द, म्हणजे मुलगी चारातलं एकच लिहितेय.

‘सायिंग लाइक फर्नेस’ (भट्टीसारखे सुस्कारे टाकणारा) घ्या. उपमेय प्रियकर, उपमान भट्टी. साधारण धर्म कोणता? दोघांतूनही गरम वाफारे सतत बाहेर पडतात. आता उत्तर: ‘द लव्हर इज कम्पेअर्ड टू अ फर्नेस, युझिंग द वर्ड लाइक. बोथ गिव्ह आउट हॉट एअर अगेन अँड अगेन.’ दोन वाक्यं पुरतात. दुसरं वाक्य गाळलं तर उत्तर अर्धंच राहतं, आणि मुलं नेमकं तेच गाळतात.

मेटाफरला ‘लाइक’ काढायचं आणि ‘इम्प्लाइड’ (सूचित) घालायचं, बाकी साचा तोच. ‘बबल रेप्युटेशन’मध्ये कीर्ती हाच बुडबुडा, साधारण धर्म क्षणभंगुरता. सैनिक ती मिळवायला जिवावर उदार होतो, हे जोडलं तर उत्तर जास्त भरीव होतं.

‘लाइक’ दिसला की सिमिली, असंही नाही. ‘शी लुक्स लाइक हर सिस्टर’मध्ये अलंकार नाही, कारण दोन्ही बाजूंना माणसंच आहेत. ‘बिअर्डेड लाइक द पार्ड’मध्ये आहे: एकीकडे सैनिक, दुसरीकडे बिबट्या. पार्ड म्हणजे बिबट्या, हे मात्र माहीत हवं. नाहीतर साधारण धर्म, म्हणजे राठ दाढी-मिशा, कुठून सुचणार?

उत्तर २
वरचा साचा उपमा-रूपकापुरता चोख आहे. अ‍ॅलिटरेशनला मात्र मराठी डोकं लावू नका, घोळ तिथेच होतो. आपला अनुप्रास शब्दात कुठेही चालतो. ‘निळ्या तळ्याच्या मळ्यात’ यात ळ मधे असूनही अनुप्रास आहे (ळ सुरुवातीला येणार तरी कसा!). शाळेच्या इंग्रजीत अ‍ॅलिटरेशनसाठी जवळजवळच्या शब्दांचा पहिला ध्वनी सारखा लागतो.

ध्वनी म्हटलंय, अक्षर नव्हे. ‘स्कूलबॉय’, ‘सॅचेल’, ‘शायनिंग’ या तिन्हींचं इंग्रजी स्पेलिंग एकाच अक्षराने सुरू होतं, म्हणून मुलं तिघांना एका दावणीला बांधतात. पण ‘शायनिंग’चा ध्वनी श आहे, तो त्यात बसत नाही. याच कवितेतली निर्धोक उदाहरणं: ‘क्विक इन क्वॉरल’, ‘श्रंक शँक’ आणि ‘वर्ल्ड टू वाइड’. मोठ्याने वाचायला लावा, कानाला लगेच कळतं.

उत्प्रेक्षेसाठी (‘जणू’ म्हणून केलेली कल्पना) शाळेच्या इंग्रजीत वेगळा खण नाही. ‘अ‍ॅज इफ’ आलं तर सिमिलीच लिहावं.

उत्तर ३
ऱ्हाइम स्कीमचं राहिलं. या कवितेत यमक नाही. ‘ए बी ए बी’ लिहिलं की चूक. ‘नो ऱ्हाइम स्कीम, द पोएम इज इन ब्लँक व्हर्स’ असं लिहायचं. ब्लँक व्हर्स म्हणजे यमक नाही पण लय आहे: साधारण प्रत्येक ओळीत दहा अवयव (सिलेबल), एक हलका, एक जोराचा, अशा पाच जोड्या. फ्री व्हर्समध्ये ही ठरलेली लयसुद्धा नसते, त्यामुळे ते नाव इथे लिहू नये. ही मुळात सुटी कविता नाही. ‘अ‍ॅज यू लाइक इट’ नाटकाच्या दुसऱ्या अंकातल्या सातव्या प्रवेशातलं भाषण आहे, २८ ओळींचं. शेक्सपिअरच्या नाटकांत मोठा भाग असाच बिनयमकाचा आहे.

शेवटच्या ओळीत ‘सॅन्झ’ चार वेळा येतो. अलंकार रेपिटिशन. शब्द मूळ फ्रेंच, अर्थ ‘विना’. कारणात ‘म्हातारपणी एकेक गोष्ट हातची जाते, त्यावर जोर’ हे यायला हवं.

प्रश्नकर्ता
तिघांचेही आभार. एका गाइडमध्ये ‘कॅनन्स माउथ’ला पर्सॉनिफिकेशन दिलंय. ते लिहू द्यावं का?

उत्तर २
नको. पर्सॉनिफिकेशनमध्ये निर्जीव वस्तू माणसासारखी वागायला हवी: बोलते, रुसते, हाक मारते. इथे तोफ काहीच करत नाही, नळीच्या उघड्या टोकाला ‘तोंड’ म्हटलंय इतकंच. आपणही ‘तोफेच्या तोंडी देणे’ म्हणतो, ‘गुहेचं तोंड’ म्हणतो, आणि चेतनगुणोक्ती म्हणून ते कुणी लिहीत नाही. त्याच ओळीच्या अलीकडे ‘बबल रेप्युटेशन’ आहे. मेटाफर म्हणून ते लिहू द्या, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही.