तोंडावरून मन ओळखताना : आपले अनुभव सांगा

समोरच्याचे मन डोळ्यांत दिसते असे आपण म्हणतो. मला येथे तोंडाविषयीचे अनुभव हवे आहेत, म्हणजे आवळलेले ओठ, उतरलेले कोपरे, दाबून ठेवलेले हसू. शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा मुलांच्या तोंडावर मास्क होते आणि मूल गोंधळले आहे की कंटाळले आहे हे मला कळेनासे झाले, तेव्हापासून हा विषय मनात घर करून आहे. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये असे मांडले की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या इच्छेने हलतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच आकसतो. पुढे मात्र अनेकांना तेही ठरवून जमते असे दिसून आले. त्यामुळे नुसत्या ओठांवरून निदान करणे मला धोक्याचे वाटते. लिहिताना माणूस आणि प्रसंगही सांगावा, ही विनंती.

यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड

माग सुरू असताना शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून टॉवेलच्या कारखान्यात आमचे निम्मे बोलणे ओठांवरच चालते. तेलुगू, कन्नड की मराठी हेही ओठ पाहून समजते. तुटलेला धागा जोडताना बहुतेकांचे ओठ आत ओढले जातात. नव्या माणसाला तो राग वाटतो, पण ती एकाग्रता असते. उचल मागायला आलेला माणूस मात्र तोंड उघडण्याआधीच कळतो, कारण भीतीने कोरड पडते आणि तो ओठांवरून पुन्हा पुन्हा जीभ फिरवतो.

अडत दुकानातील दिवाणजी, मार्केट यार्ड

कांद्याच्या लिलावात बोली चढत असते तोवर शेतकऱ्याचे तोंड किंचित उघडे असते. भाव तुटला की ओठ एकमेकांवर असे दाबले जातात की त्यांची कड दिसेनाशी होते. हे खरेदीदारांनाही दिसते, म्हणून जुने शेतकरी त्या वेळी टॉवेल तोंडाशी धरतात. एकदा मोहोळकडील एक गृहस्थ भाव पडल्यावर मोठ्याने हसले आणि भोवतीच्यांनी त्यांच्या धीराचे कौतुक केले. दात दिसत होते, पण खालचा ओठ थरथरत होता आणि तो थांबवण्यासाठी ते हनुवटी वर ओढत होते. मी त्यांना हिशेबाची पट्टी तयार होईपर्यंत दुकानात बसवून घेतले, चहा दिला आणि काही विचारले नाही. चहा संपल्यावर मुलाच्या फीचा विषय त्यांनी स्वतःच काढला.

गृहिणी, जुळे सोलापूर

मेंदूच्या झटक्यानंतर आईच्या तोंडाची उजवी बाजू उतरली. भेटायला येणारे ‘नाराज दिसतात’ असे तिच्यासमोरच म्हणत आणि तिला ते फार लागे. डॉक्टरांनी हसायला सांगितले की फक्त डावा कोपरा वर जाई. पण नातू गड्ड्याच्या जत्रेतून पिपाणी वाजवत घरात शिरला तेव्हा दोन्ही कोपरे वर गेले आणि आम्ही बघतच राहिलो. सांगितल्यावर हसण्याचा आणि आपसूक हसण्याचा मेंदूतील मार्ग वेगळा असतो, असे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी समजावले. चेहऱ्याची नसच दुखावली असेल तर मात्र दोन्ही प्रकारचे हसू अडते. तोंड अचानक एका बाजूला उतरले तर कारण शोधत न बसता लगेच रुग्णालय गाठावे, हेही येथे लिहून ठेवते.

भरतनाट्यम शिक्षिका

नाट्यशास्त्रात खालच्या ओठाची सहा कर्मे, म्हणजे हालचाली, दिल्या आहेत : विवर्तन, कंपन, विसर्ग, विनिगूहन, संदष्टक आणि समुद्गक. त्यांपैकी कंपन, म्हणजे थरथर, हे थंडी, भय, वेदना आणि राग या सर्वांसाठी सांगितले आहे. भेद दाखवायचा तो नजर, भुवया आणि मान यांनी. दिवाणजींनी वर्णन केलेला थरथरता ओठ वाचताना हेच आठवले.

कर्णबधिर मुलांची शिक्षिका

आमच्या मुलांना प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून ती शब्द पूर्ण चेहऱ्यावरून आणि संदर्भावरून लावतात. आपण चिडून ओठ ताणले की शब्दाचा आकार बिघडतो. मग मूल शब्द सोडून देते आणि फक्त राग वाचते. त्यामुळे पालकांना मी सुरुवातीलाच सांगते की उजेडाकडे तोंड करून, नेहमीच्या गतीने बोला, ओरडू नका, आणि वडिलांनी वरच्या ओठावर आलेल्या मिशा कापून घ्याव्यात.