८१९३ वाचता आला नाही तर दोष कुणाचा? (रेडीनेस इव्हेंट, म्हणजे ‘सॉकेट तयार आहे’ ही कर्नलची वर्दी, मांडायचे कसे)

केळीबागवाला, रावेर

आमच्याकडे केळी पिकवायचे चार रायपनिंग चेंबर आहेत. प्रत्येकाला एक कंट्रोलरचा डबा. तो दर मिनिटाला गेटवेशी टीसीपीने जोडतो, तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड अशी एक ओळ टाकतो आणि लगेच जोडणी तोडतो. गेटवेवरचा प्रोग्राम माझाच, सी मध्ये लिहिलेला, नॉन-ब्लॉकिंग सॉकेट (जोडणीचं टोक, वाचताना अडकून न बसणारं) आणि ईपोल (अनेक सॉकेटवर एकदम नजर ठेवायची लिनक्सची सोय). तीन आठवडे एक ओळ हुकली नाही. मग मी प्रत्येक नोंद मेमरी कार्डावर सिंक करायला (लिहून पक्की होईपर्यंत थांबायला) लागलो आणि दुसऱ्याच दिवसापासून नोंदी गळायला लागल्या. घड आत, गॅस सोडलेला, आणि रात्री दोनला तापमान १७ होतं की २१, सांगता येईना.

दोन दिवस राउटरला शिव्या दिल्या. मग कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) दिलेला इव्हेंटचा आकडा लॉगमध्ये छापला. जिथे नोंद गळाली तिथे प्रत्येक वेळी एकच आकडा: ८१९३.

म्हणजे ८१९२ अधिक १. १ हा ईपोल-इन, वाचायला काहीतरी आहे. ८१९२ हा ईपोल-आरडीहप, समोरच्याने पाठवायची बाजू मिटली. दोन्ही एकाच वेळी खरं. लूप मोकळा होता तोवर १ आधी यायचा, वाचून व्हायचं, मग बंद झाल्याची वर्दी यायची. सिंकमुळे लूप अडकायला लागला आणि तेवढ्या वेळात दोन्ही गोष्टी घडून एकाच आकड्यात यायला लागल्या. माझ्या कोडात आरडीहप आधी तपासलेला: असेल तर सॉकेट बंद. शेवटची ओळ बफरात तशीच पडून, तिच्यासकट बंद.

चूक माझी, मान्य. पण मला मुळातच ही मांडणी पटत नाही. १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये सिलेक्ट आला, ईपोलचा पूर्वज, त्यात काय हवं ते ज्या संचात भरून द्यायचं, त्याच संचावर कर्नल उत्तर खरडून परत देतो. म्हणून दर फेरीला संच नव्याने भरायचा. नंतरचा पोल बनवणाऱ्यांना हे कळलं होतं, त्यांनी दोन खाने केले: एकात मागणी, दुसऱ्यात उत्तर. आणि २००२ मध्ये ईपोल आला तेव्हा पुन्हा एकच खाना! आपण काय मागितलं आणि काय घडलं, दोन्हीला तेच बिट, तीच नावं.

माझं म्हणणं एवढंच: मागणी हा एक प्रकार, वर्दी हा दुसरा. वर्दीचा कच्चा आकडा प्रोग्रामरच्या हातात देऊच नये. ‘वाचता येतंय का’, ‘समोरून मिटलं का’ असे प्रश्न विचारायची सोय द्यावी. बोला.

यार्डमास्तर, भुसावळ

‘चूक माझी, मान्य’ म्हणालास तिथेच थांबायला हवं होतं. पुढचा सगळा धागा त्या ‘पण’साठी आहे.

भाऊ, तुझ्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर तीन दिवे असतील. लाल, पिवळा, निळा, एकेका फेजचा. तिन्ही लागलेत, की निळा गेलाय, हे बांधावरून दिसतं. बिटमास्क म्हणजे तेच. तू म्हणतोस दिवे काढा आणि तिथे ‘मोटर चालेल का, विचारा’ अशी खिडकी बसवा.

आणि खिडकीने तुझा बग गेला असता का? समज, तुला ‘मिटलं का’ असं विचारायचं फंक्शन दिलं. तू तेच आधी विचारलं असतंस आणि सॉकेट बंद केलं असतंस. ओळ तरीही गेलीच असती. तुझा बग क्रमाचा आहे. आणि तो सापडला कसा? आकडा छापला म्हणून! जो आकडा लपवायला निघालास, त्यानेच तुला वाचवलं.

तापीकाठची, शिरपूर (सध्या पुणे)

यार्डमास्तर काका, क्रमाचं बरोबर आहे. प्रकार वेगळे केल्याने हा बग टळला नसता, दादांनी तो दावा सोडून द्यावा.

पण दिव्यांची उपमा तुमच्यावरच उलटते. स्टार्टरच्या पेटीवर दिवे वेगळे आणि बटणं वेगळी असतात. ईपोलच्या पेटीवर सगळं एका रांगेत लावलंय. इन (वाचता येतंय) आणि आउट (लिहिता येतंय) हे दिवेही आहेत आणि बटणंही. एरर (चूक) आणि हप (जोडणी तुटली) बटणासारखे दाबता येतात, पण दाबा न दाबा, ते लागायचे तेव्हा लागतातच. एज-ट्रिगर (स्थिती बदलली तेव्हाच कळव) आणि वनशॉट (एकदाच कळव) दिसतात दिव्यांसारखे, पण ती निव्वळ बटणं आहेत, उत्तरात कधी दिसायची नाहीत. तीन जातींची माणसं एकाच पंगतीला, आणि वाढप्याला सांगायचं की कुणाला काय वाढायचं ते तूच ओळख.

रस्ट भाषेतल्या मिओ लायब्ररीने हा प्रवास केलाय. ०.६ मध्ये ‘रेडी’ नावाचा एकच प्रकार होता, नोंदणीलाही तोच आणि उत्तरालाही तोच. ०.७ मध्ये तो काढून टाकला. नोंदणीला ‘इंटरेस्ट’, आणि उत्तराला ‘इव्हेंट’, ज्याला प्रश्न विचारायचे. ‘मला हप हवा’ अशी निरर्थक मागणी आता करताच येत नाही, कंपायलरच अडवतो. शिवाय इंटरेस्ट रिकामा असू शकत नाही. आतला आकडा शून्य नसलेलाच, अशी प्रकारातच हमी आहे.

यार्डमास्तर, भुसावळ

ती हमी मला जाच वाटते. समोरचा भराभरा पाठवतोय, माझ्याकडे जागा नाही, मला थोडा वेळ वाचन थांबवायचंय. सी मध्ये मी मागणी शून्य करतो, सॉकेट नोंदलेलं राहतं. जागा झाली की पुन्हा इन. मिओत काय, दर वेळी नोंदणी काढायची आणि परत करायची?

तापीकाठची, शिरपूर (सध्या पुणे)

मिओ ईपोलला एज-ट्रिगरनेच नोंदवतं. तिथे थांबायचं म्हणजे वाचायचंच नाही, बस्स; मागणीला हात लावायची गरजच नसते. आणि तुम्ही लेव्हलवर (स्थिती खरी असेपर्यंत कळवत राहा) शून्य करता ना, ती फट आहे. करून बघा: मागणी शून्य ठेवा आणि समोरच्या बाजूने रीसेट (जोडणी तडकाफडकी तोडायचा टीसीपी निरोप) पाठवा.

पांझरा, धुळे

तुम्ही दोघं लिनक्सच्या अंगणातच भांडताय. मी फ्रीबीएसडीवर काम करतो, तिथे ईपोलच्याच कामाचा केक्यू २००० सालापासून आहे आणि मांडणीच वेगळी. वाचन हा एक फिल्टर, लेखन हा दुसरा, दोन स्वतंत्र नोंदण्या. मास्क वगैरे काही नाही.

केळीबागवाल्याला जे रडू आलं ते तिथे आलं नसतं, निदान इतक्या सहज नाही. वाचनाच्या इव्हेंटबरोबर केक्यू एक आकडा देतो: किती बाइट वाचायला पडलेत. समोरच्याने मिटलं तर त्याच इव्हेंटवर ईओएफचा झेंडा लागतो, पण बाइटचा आकडा तसाच असतो. ‘संपलं, पण ४२ बाकी आहेत.’ दुकान बंद करतोय, पण तुझं पार्सल काउंटरवर ठेवलंय, असा निरोप. ईपोल नुसतं ‘काहीतरी आहे’ म्हणतो.

यार्डमास्तर, भुसावळ

आणि त्याच केक्यूत एका सॉकेटच्या एका फेरीत दोन ओळी येतात, एक वाचनाची, एक लेखनाची. पहिलीवर तू जोडणी बंद केलीस आणि तिची मेमरी सोडलीस. दुसऱ्या ओळीत त्याच जोडणीचा पॉइंटर आहे. आता? ईपोल एका सॉकेटचं सगळं एका ओळीत बांधून देतो, तिथे निदान हा खड्डा नाही.

पांझरा, धुळे

खड्डा आहे, मान्य. मी पडलोय त्यात. फेरी संपेपर्यंत मेमरी सोडायची नाही, मेलेल्यांची यादी ठेवायची आणि शेवटी एकदम निकाल लावायचा. नाहीतरी एका जोडणीमुळे दुसरी बंद करायची वेळ येते तेव्हा ईपोलवरही हेच करावं लागतं.

अमळनेरी

भो, काय शे हे सगळं? मी नुकतंच शिकतोय. एक साधा प्रश्न: इन आणि आउट दोन्ही कायम मागून ठेवले तर काय बिघडतं? लागेल तेव्हा वापरू.

केळीबागवाला, रावेर

मीही आधी तेच केलं होतं, गेटवेचा पंखा नसलेला डबा हाताला चटका देईपर्यंत तापला.

शेतातल्या लाइटवरून सांगतो. मळ्यातला बल्ब लाइट असेपर्यंत जळत राहतो, ही लेव्हल. मोटरीला लावलेला ऑटो लाइट येण्याच्या क्षणी एकदाच स्टार्टर मारतो, ही एज. आता पाठवायचं बफर बहुतेक वेळ रिकामंच असतं, म्हणजे ‘लिहिता येईल’ हे बहुतेक वेळ खरंच असतं. लेव्हलवर आउट मागून ठेवलास तर कर्नल दर फेरीला म्हणणार, लिही. तुझ्याकडे लिहायला काही नाही. लूप झोपतच नाही, सीपीयू शंभर टक्के. म्हणून आधी सरळ लिहून बघायचं. ईअगेन आला, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर ये’, तरच आउट मागायचा, आणि सगळं लिहून झालं की काढून घ्यायचा.

एज असेल तर उलटं पथ्य: वर्दी आली की ईअगेन येईपर्यंत उपसायचं. अर्धवट वाचून झोपलास तर उरलेल्यासाठी कुणी उठवेलच असं नाही. ऑटोने एकदा मारलेली मोटर ट्रिप झाली आणि तू घरी झोपलेला, तसं.

आणि यार्डमास्तर, दिव्यांचं राहिलं होतं. सिंगल फेजवर बल्ब लागतो म्हणून मोटर उचलते का? लिनक्सवर यूडीपीचं पॅकेट आलं की सिलेक्ट ‘वाचा’ म्हणतो, मग चेकसम चुकीचा निघाला की पॅकेट फेकलं जातं आणि वाचायला गेलं तर हाती काही नाही. सॉकेट ब्लॉकिंग असेल तर तिथेच अडकून बसायची भीती. मॅन्युअलमध्येच लिहिलंय हे. म्हणून मला बिट हा शब्द नको वाटतो. बिट म्हटलं की माणसाला ते सत्य वाटतं. वर्दी म्हटलं की निदान जाऊन खात्री करतो.

यार्डमास्तर, भुसावळ

आमच्याकडे सिग्नल पडला म्हणजे गाडी आली असं कुणी समजत नाही, आणि त्यासाठी सिग्नलचं नाव बदलावं लागलं नाही. खात्री करणं ही शिस्त आहे. शब्द बदलून शिस्त येते, हे मला ३० वर्षांत दिसलं नाही.

नवापूर_फास्ट

सगळे जुन्या घरात फर्निचर हलवताय. २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आयओ-यूरिंग आलं. रेडीनेस विचारायचंच नाही. ‘हे बफर घे, वाचून भर, झालं की सांग.’ इनही नाही, आउटही नाही, ८१९३ पण नाही. विषय संपला.

तापीकाठची, शिरपूर (सध्या पुणे)

संपला नाही रे भाऊ, सरकला. दहा हजार जोडण्या गप्प बसल्यात, आणि प्रत्येकीसाठी एक बफर कर्नलकडे अडकवून ठेवायचं? रेडीनेसमध्ये बफर वर्दी आल्यावर काढता येतं. त्यावर उपाय म्हणून सामायिक बफरांची सोय पुढे द्यावी लागली, आणि वाट बघणारा ‘पोल’ तर आयओ-यूरिंगमध्ये पहिल्यापासून आहे. त्याचा मास्क कुठला? तोच, इन आणि आउटचा. शिवाय कंटेनर चालवणारं डॉकर आपल्या ठरावीक सेककॉम्प यादीत (कर्नलकडे काय मागता येईल त्याची यादी) आयओ-यूरिंग अडवतं. प्रॉडक्शनवर टाकून बघ, मग बोलू.

केळीबागवाला, रावेर

ताईंनी सांगितलं ते करून बघितलं. मागणी शून्य केली, लेव्हलवर. दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडणी करून रीसेट मारला. लॉग बघता बघता काही मेगाबाइटचा झाला. प्रत्येक ओळीत एकच आकडा: २४. म्हणजे ८ अधिक १६, एरर आणि हप. न मागता आलेले, आणि मी सॉकेट बंदच करत नाही म्हणून कायम येत राहिलेले.

म्हणजे ‘काहीच नको’ असं आपण लिहितो, आणि कर्नल ते ‘एरर-हप सोडून काही नको’ असं वाचतो. आकड्यात शून्य दिसतं, अर्थ शून्य नाही. यार्डमास्तर, माझं म्हणणं आधी नीट मांडता आलं नव्हतं, ते हे होतं.

यार्डमास्तर, भुसावळ

हे एक देतो तुला. शून्य मागणीला मीही ‘बंद’ समजत होतो. माझ्या एका जुन्या प्रोग्राममध्ये अजून तसंच आहे, सोमवारी बघतो. नोंदणी काढणंच बरं.

पण कच्चा आकडा लपवायला माझा विरोध कायम. प्रश्नांची फंक्शनं द्या, प्रकार दोन करा, चार करा. आतला आकडा छापायची वाट मात्र उघडी ठेवा. मॅकवर, लिनक्सवर, विंडोजवर ‘मिटलं का’ या एकाच प्रश्नाचं उत्तर आतून वेगवेगळ्या गोष्टींवरून काढलेलं असतं. रात्री दोनला बग शोधताना मला गुळगुळीत उत्तर नको, कर्नल नेमकं काय म्हणाला ते हवं.

तापीकाठची, शिरपूर (सध्या पुणे)

त्याला कुणाचा विरोध आहे? मिओचा इव्हेंट सविस्तर डीबग म्हणून छापला की आतली मूळ नावं दिसतात.

केळीबागवाला, रावेर

माझ्या कोडात केलेले बदल: मागणीचं वेगळं स्ट्रक्चर, वर्दीचं वेगळं. वर्दीत इन असो, हप असो, आरडीहप असो, आधी वाचायचं. रीड शून्य परत देईल (म्हणजे समोरून संपलं) तेव्हा किंवा खरी चूक येईल तेव्हाच बंद. आरडीहप पाहून निर्णय घेणं पूर्ण काढलं. सिंक वेगळ्या थ्रेडवर. आणि आकडा लॉगमध्ये राहू दिलाय, काकांसाठी. काल रात्रीपासून चारही चेंबरच्या सगळ्या ओळी आल्या, ८१९३ धरून.

यार्डमास्तर, भुसावळ

छान. आता एक सांग. डबे चार, मिनिटाला चार जोडण्या. त्याला ईपोल लागतो कशाला? पोल पुरे होता. आणि तुला हवेत ते दोन खाने त्यात पहिल्यापासून आहेत, पहिल्या पोस्टमध्ये तूच लिहिलंस.

केळीबागवाला, रावेर

…

उद्या बदलतो. आत्ता तीन नंबरच्या चेंबरचं दार उघडून हवा बदलायचीय.