मदत हवी आहे: प्लॉटवर मैदानाचं आरक्षण निघालं, नकाशा मंजूर होत नाही

दक्षिण_नागपूर:
कोणीतरी लवकर सांगा. वडिलांनी घेतलेल्या प्लॉटवर घर बांधायचं आहे. नकाशा दाखल केला तर कार्यालयात म्हणाले जागा विकास योजनेत मैदानासाठी राखीव, म्हणजे आरक्षणात आहे, परवानगी मिळणार नाही. बँकेनेही कर्ज थांबवलं. आजूबाजूला सगळी पक्की घरं, वीज, नळ, घरटॅक्स सगळं आहे. मग आमचाच प्लॉट काऊन अडला? आरक्षण उठवायला अर्ज कुठे करायचा आणि किती दिवस लागतात? भाड्याचं घर दिवाळीच्या आधी सोडायचं आहे.

गोकुळपेठकर:
मौजा कोणता, खसरा कोणता? लेआउट नियमित करायला घेतलेल्या ५७२ च्या यादीतलं की १९०० च्या? आर. एल. (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का?

दक्षिण_नागपूर:
मौजा मानेवाडा. रजिस्ट्री पक्की आहे, १९९४ ची, सोसायटीकडून घेतलेला प्लॉट. मी आरक्षणाचं विचारतोय, तुम्ही आर. एल. चं काय घेऊन बसले?

जुना_नकाशा:
भाऊ, तो प्रश्न बरोबर आहे. रजिस्ट्रीने व्यवहार सिद्ध होतो, लेआउट मंजूर होत नाही. सोसायट्यांनी शेतजमिनीवर चुन्याच्या रेषा मारून प्लॉट विकले, ते नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आला. तुमच्या शेजाऱ्यांकडे आर. एल. असेल, म्हणून त्यांचे नकाशे निघाले. आमच्या लेआउटमध्ये आरक्षणातले प्लॉट तेवढे बाजूला ठेवून बाकीच्यांना पत्रं दिली होती. तुमच्याकडे ते पत्र आलंच नाही की आलं आणि हरवलं?

आणि आरक्षण पूर्ण प्लॉटवर आहे की कोपऱ्यावर? तोंडी सांगण्यावर जाऊ नका. विकास योजनेचा भाग नकाशा (तुमच्या जागेपुरता उतारा) लेखी मागा. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि एकावर एक ठेवून पाहा. मी आयुष्यभर नकाशे काढले. रेषा पाच-सात फूट इकडेतिकडे झाल्यामुळे अडलेले प्लॉट मी डोळ्याने पाहिले आहेत.

प्लॉटवाला_भाऊ:
एवढं कशाला? एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम १२७ ची नोटीस द्या. ६ महिने थांबा, आरक्षण आपोआप संपतं. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं.

धंतोली_वकील:
मेव्हण्याचं जुनं प्रकरण असेल. ६ चे १२ महिने झाले आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर २४. कृपा करून अर्धवट सांगू नका, लोक त्यावर घराचं गणित मांडतात.

अंतिम विकास योजना लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर नोटीस देता येते. नागपूरची योजना २००० साली मंजूर झाली, त्यामुळे तुमचं आरक्षण त्यातलं असेल तर १० वर्षांची अट केव्हाच पुरी झाली. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्याची खरी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नुसता ठराव करून फाइल फिरवली म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं आहे. त्यानंतर शासनाने तसा आदेश राजपत्रात काढायचा असतो. तो हातात नसला तर नकाशाच्या टेबलावर पुन्हा तोच प्रश्न येतो.

नोटिशीला मालकीची किंवा हितसंबंधाची कागदपत्रं जोडावी लागतात. सात-बारावर नाव कोणाचं?

दक्षिण_नागपूर:
सोसायटीचं. वडील वारले, रजिस्ट्री त्यांच्याच नावावर आहे.

धंतोली_वकील:
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. आई, भाऊ, बहिणी सगळ्यांच्या सह्या लागतील. सात-बारा सोसायटीच्या नावाने असला तरी कायद्यात मालकासोबत "हितसंबंधित व्यक्ती" आहे, नोंदणीकृत खरेदीखत त्यासाठी चालतं. पण वारसाचे कागद आधी.

प्लॉटवाला_भाऊ:
२४ महिने कोण थांबतो? आजूबाजूचे सगळे बांधून राहिले. बांधून टाका, पुढेमागे रेग्युलर होतंच.

धंतोली_वकील:
आरक्षणात विनापरवाना बांधलं की कलम ५३ ची पाडायची नोटीस येऊ शकते. बँक तर दारातही उभं करणार नाही. असा सल्ला देऊ नका.

टीडीआर_सल्ला:
माझं ऐका, जागा देऊन टाका आणि टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारं, विकता येणारं बांधकाम हक्काचं प्रमाणपत्र) घ्या. दाट वस्तीबाहेर जागेच्या दुप्पट मिळतो. बिल्डरला विकून दुसरीकडे फ्लॅट.

जुना_नकाशा:
ज्याला राहायला घर पाहिजे त्याला प्रमाणपत्र घेऊन काय करायचं? शिवाय टीडीआरला मालकी स्वच्छ लागते. इथे सात-बारा सोसायटीचा.

मैदान_हवं:
मी याच भागात राहतो. मैदानं प्लॉट-प्लॉट करून संपली तर पोरं खेळणार कुठे? रस्त्यावर खेळतात, गाड्या अंगावर येतात. मोकळी जागाच उरली नाही की पाणीही मुरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा काय झालं ते विसरलात का?

गोकुळपेठकर:
अंबाझरीचं कारण वेगळं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा. मैदान पाहिजेच, पण मग मालकाला मोबदला देऊन जागा घ्यायला हवी होती. पंचवीस वर्षं पैसेही द्यायचे नाहीत आणि बांधूही द्यायचं नाही, त्यात बिचाऱ्या प्लॉटधारकाने करायचं काय?

मैदान_हवं:
मोबदला द्यावाच. पण आरक्षण उठलं की त्या जागी मैदान कधीच होत नाही, हेही तितकंच खरं.

दक्षिण_नागपूर:
म्हणजे दिवाळीपर्यंत काही होत नाही. बहीण पुण्याला असते, तिला सहीसाठी बोलावतो. भाग नकाशाचा अर्ज उद्याच टाकतो. मोजणीला किती वेळ लागतो?

जुना_नकाशा:
द्रुतगती मोजणीची फी भरा, नियमितपेक्षा लवकर तारीख मिळते. मोजणीच्या दिवशी शेजारच्या प्लॉटधारकांना हजर ठेवा आणि सोसायटीचा मूळ लेआउट नकाशा सोबत आणा. तुमच्याकडे नसेल तर त्याच लेआउटमध्ये ज्याचं घर झालं आहे त्याच्याकडून झेरॉक्स घ्या. भाग नकाशा आला की इथे टाका, मी पाहून सांगतो.