हिवाळ्यातला युरोप आणि नवं लग्न: तुमचे अनुभव लिहा

सांजवेळ:
परवा धाकट्या बहिणीने तिच्या मधुचंद्राचा तक्ता पाठवला. १५ दिवस, ७ शहरं, डिसेंबरचा तिसरा आठवडा ते नवं वर्ष. दोघांनी मनापासून पैसे साठवलेत, त्यामुळे हॉटेलं एकापेक्षा एक. तक्ता वाचता वाचता मला एकदम ओल्या लोकरीचा वास आला. हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकल्यावर येतो ना, तो. आमच्या प्रवासाला ९ वर्षं झाली.

आम्हीही असंच केलं होतं. पॅरिस, झेरमॅट, व्हिएन्ना आणि शेवटी फिनलंडमध्ये रोव्हानिएमीच्या पुढे काचेच्या छताची खोली. खर्चाला हात आखडायचा नाही असं ठरलेलं. एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनीही हिशेबात धरली नव्हती, ती म्हणजे उजेड. त्या दिवसांत रोव्हानिएमीला सूर्य जेमतेम दोन तास क्षितिजाला घासून जातो. त्याच्या आधी नि नंतर निळसर संधिप्रकाश, मग रात्र.

दोन रात्री ढग. तिसऱ्या रात्री पावणेदोनला खोलीतला अलार्म वाजला, म्हणजे बाहेर अरोरा, आकाशातला तो ध्रुवीय प्रकाश, दिसतोय. थर्मल, फ्लीस, वरचा सूट, दोन-दोन मोजे. ह्यांचे बूट दाराशी ओलेच राहिले होते, नाड्या गोठून काडीसारख्या ताठ. मी खाली बसून तोंडाच्या वाफेने त्या सैल करत होते. बाहेर आलो तर आकाशात नुसता राखाडी पट्टा, विरलेल्या धुरासारखा. ढगच समजलो आम्ही. ह्यांनी फोन तीन सेकंद स्थिर धरला आणि पडद्यावर तो पट्टा हिरवागार उमटला. मग तासभर तिथेच उभे होतो. पायाखालच्या बर्फाच्या करकरीशिवाय आवाज नाही. पॅरिसच्या त्या महागड्या खोलीचा पडदा कुठल्या रंगाचा होता ते मला आज सांगता येणार नाही, पण त्या नाडीची गाठ अजून बोटांना आठवते.

तर लिहा. काय जमलं, काय फसलं. बहिणीला हे सगळं जसंच्या तसं पाठवणार आहे.

दोनबॅगा:
आधी तक्त्यातली ३ शहरं खोडायला सांगा. शहर बदलायचं म्हणजे सामान भरा, खोली सोडा, स्टेशन, गाडी, पुन्हा नवी खोली. पाच-सहा तास सहज जातात. जूनमध्ये चालतं, संध्याकाळ मोठी असते. डिसेंबरात पॅरिसलासुद्धा पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि पाचच्या आत सूर्य मावळतो. प्रवासाचा दिवस म्हणजे अख्खा दिवसच गेला. आम्ही ६ शहरं केली, त्यातली दोन फक्त दिव्यांच्या उजेडात पाहिली.

मोरपंखी:
नाव!!! तिकिटं पासपोर्टवर असेल त्याच नावाने. आमच्याकडे नवऱ्याने हौसेने माझं लग्नानंतरचं नाव टाकून बुकिंग केलं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा. विमानतळावर तासभर उभी. शेवटी नवं तिकीट घ्यावं लागलं. तो बिचारा इतका ओशाळला होता की मलाच त्याची समजूत काढावी लागली. मुलीला क्लासला सोडायचंय, बाकी रात्री लिहिते.

पाऊलवाट:
व्हिसाचं सांगतो, कारण तिथे मी पोळलोय. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर पहिला प्रवेश जिथे, तिथे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात, १५ दिवस ही शेवटची मर्यादा, पण लग्नाच्या धामधुमीत तिथपर्यंत थांबू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

आणि मध्ये लंडन घातलं असेल तर नीट ऐका. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-लंडन-व्हिएन्ना करायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. आम्हाला एकाच प्रवेशाचा मिळाला, तेव्हा लंडनची तिकिटं सोडून द्यावी लागली.

कवडसा:
@पाऊलवाट, आम्हाला लंडन मिळालं पण २५ डिसेंबरला उतरलो! त्या दिवशी तिथे ट्यूब (भुयारी रेल्वे) नाही, बस नाही, गाड्या नाहीत. टॅक्सीचा भाव ऐकून आम्ही चालत निघालो, चाकांच्या बॅगा ओढत. सगळी दुकानं बंद, रस्ते रिकामे. हाईड पार्कपाशी एका आजोबांनी आम्हाला स्वतःहून विचारलं, रस्ता चुकलात का, आणि हॉटेलपर्यंत सोबत आले. तो दिवस माझ्या फार आवडीचा आहे.

गुलबक्षी:
कुणीतरी गाद्यांचं सांगा तिला.

दोनबॅगा:
गाद्यांचं काय?

गुलबक्षी:
जर्मनी-ऑस्ट्रियात डबल बेड म्हणजे बऱ्याचदा एका चौकटीत दोन वेगळ्या गाद्या, प्रत्येकाचं पांघरूण वेगळं, नीट घडी घालून. पहिल्या रात्री मी मधल्या फटीत. नवरा म्हणतो सीमा ओलांडलीस. आता घरी तेच करतो आम्ही, दोन पांघरुणं. १२ वर्षांत पांघरुणावरून भांडण नाही.

मोरपंखी:
हाहा गुलबक्षी. क्लासबाहेर उभी राहून हसतेय, लोक बघतायत.

रुळावरून:
ग्लेशियर एक्सप्रेस, स्वित्झर्लंडमधली डोंगरांतून जाणारी पर्यटकांची रेल्वे, ज्यांच्या यादीत आहे त्यांनी तारखा बघा. ऑक्टोबरच्या मध्यापासून साधारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती बंद असते. आमचं लग्न नोव्हेंबरअखेरचं. सगळा बेत त्या गाडीभोवती बांधलेला आणि मग कळलं की ती नाहीच. बायकोचा चेहरा उतरला. मी दोन रात्री वेळापत्रकं चाळत बसलो. तेव्हा लक्षात आलं की त्याच रुळांवरून रोजच्या साध्या लाल गाड्या जातात, फक्त मध्ये बदलाव्या लागतात. तशाच गेलो. अंडरमाटहून गाडी चढायला लागते, २,०३३ मीटरवर ओबरआल्प खिंड, खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फाची भिंत. आमच्या समोरच्या बाकावर शाळेची पोरं स्की घेऊन बसलेली, गृहपाठ करत. डिसेन्टिसला गाडी बदलायला १० मिनिटं होती, तेवढ्यात बायकोने फलाटावर बर्फाचा एवढासा माणूस केला. पुढच्या गाडीच्या खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

ग्लेशियर एक्सप्रेसचा सगळ्यात वरच्या वर्गाचा डबा, गालिचा, जेवण हे पुढे ५ वर्षांनी केलं. तेही छान. पण विचारलं तर ती लाल गाडीचंच सांगते.

आणि हो, झेरमॅटला पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नेता येत नाहीत. गाडी भाड्याने घेणार असाल तर टेशला ठेवायची, पुढे रेल्वे. गोर्नरग्राटची गाडी सकाळी पहिली धरा, वर ३,०८९ मीटरवर उभं राहून समोरच्या मॅटरहॉर्न शिखरावर कोवळं ऊन पडताना बघितलं की दुसरं काही सुचत नाही.

मुक्तछंद:
मी फारसं लिहू शकणार नाही. आमचा मधुचंद्र चौथ्या दिवशी संपला. व्हिएन्नात होतो, पहाटे दिराचा फोन आला, सासरे गेले. हॉटेलं सगळी आधी पैसे भरलेली, परत न मिळणारी, पण त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. रिसेप्शनवरच्या बाईंनी आमच्या तिकिटांसाठी दीड तास फोन केले. निघताना माझ्या हातात थर्मासमध्ये चहा दिला आणि म्हणाल्या, थर्मास परत करायची गरज नाही. तो अजून आहे.

खोली घेताना रद्द करता येईल असाच दर घ्या, थोडे जास्त पडले तरी. एवढंच सांगायचं होतं.

सांजवेळ:
मुक्तछंद, वाचून गलबलून आलं. तुम्ही लिहिलंत हे खूप आहे.

कवडसा:
मुक्तछंद, तुम्हाला घट्ट मिठी. पुन्हा गेलात का व्हिएन्नाला?

मुक्तछंद:
गेलो, ७ वर्षांनी, लेकीला घेऊन. त्या बाई तिथे नव्हत्या. त्याच रस्त्याने बर्फातून फिरलो, एवढंच. बरं वाटलं.

ठिपक्यांची_रांगोळी:
व्हिएन्ना म्हटलं म्हणून. जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल तर बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, सोडू नका. तिथे त्या मोसमात शेकडो होतात. पोशाखाचा नियम खरोखर पाळतात. बायकांचा झगा जमिनीला टेकणारा, पुरुषांना टेलकोट नाहीतर डिनर जॅकेट. टेलकोट तिथे भाड्याने मिळतो. आम्ही लग्नाआधी तीन आठवडे वॉल्ट्झ शिकलो होतो, स्वयंपाकघरात, खुर्च्या बाजूला सारून. उद्घाटनाचा नाच संपला की 'आलेस वाल्झर' (सगळे वॉल्ट्झला) अशी हाळी देतात आणि सगळे एकदम मधोमध येतात. आम्हाला उजवीकडूनच वळता येत होतं, गर्दी मात्र डावीकडूनही वळत होती. मध्यरात्रीच्या क्वाड्रिलमध्ये, म्हणजे रांगा करून नाचायच्या सामूहिक नाचात, तर कुणालाच काही कळत नव्हतं, अनोळखी माणसं हात धरून आम्हाला ओढत होती. पहाटे चारला झगा वर धरून बर्फातून टॅक्सीपर्यंत धावले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर रात्र.

नववर्षाच्या दिवसाच्या मैफिलीवर आशा ठेवून तारखा ठरवू नका. तिकिटं सोडतीने जातात, अर्ज आदल्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो.

दोनबॅगा:
नाताळ बाजारांच्याही तारखा बघा. न्यूरेंबर्गचा २४ डिसेंबरला आटोपतो, व्हिएन्नात टाउन हॉलसमोरचा २६ ला. लोक २८ ला पोचतात आणि उतरवलेल्या फळ्या बघतात.

शेवंती:
थर्मल कुठले घेऊ? आम्ही नॉर्वेत ट्रॉम्सोला चाललोय जानेवारीत. (धाग्याचा विषय सोडून विचारतेय, माफ करा.)

रुळावरून:
मेरिनो लोकर. अंगाला सुती काही नको, घाम धरून ठेवतं आणि मग हुडहुडी भरते. बोटांचे हातमोजे नकोत, पिशवीसारखे घ्या, आत बोटं एकमेकांना ऊब देतात.

पाऊलवाट:
फोन आतल्या खिशात, अंगाशी. उणे २० मध्ये ६० टक्क्यांवरून थेट बंद पडला माझा.

शेवंती:
आणि तिथे जानेवारीत सूर्य दिसतच नाही म्हणे?

पाऊलवाट:
नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजाखालीच असतो. महिन्याच्या शेवटी जा, डोंगरांवरून ऊन परत येतं. पण दुपारी जो निळा-गुलाबी उजेड पडतो तसा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. अरोरासाठी किमान ४ रात्री ठेवा, सगळा खेळ ढगांचा आहे. मार्गदर्शक ढग चुकवत गाडी लांब नेतात, कधी थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत. त्यावर खर्च करा, खोलीवर कमी.

मोरपंखी:
आले. बुडापेस्ट कुणीच लिहिलं नाही? सेचेनीचे गरम पाण्याचे उघडे कुंड! १९१३ ची पिवळी इमारत, भोवती वाफच वाफ, वरून भुरभुर बर्फ. दारापासून पाण्यापर्यंतची वीस पावलं अनवाणी गोठलेल्या दगडावरून. चपला न्या, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाण्यात उतरलो आणि नाव, तिकीट, विमानतळ सगळं विसरलो. वाफेतून फक्त त्याचं डोकं दिसत होतं, केसांवर पांढरे कण. शेजारी म्हातारे गृहस्थ पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते.

गारठा:
बर्फाचं हॉटेल, स्वीडनमधलं युक्कासयार्वी. टोर्ने नदीच्या बर्फातून दर हिवाळ्यात नव्याने बांधतात. एकच रात्र घ्या, बाकी रात्री तिथल्याच उबदार खोलीत. आत उणे ५ ते ८, रेनडिअरच्या कातड्यावर झोपायचं, स्लीपिंग बॅगमध्ये शिरून. मध्यरात्री बाथरूमला जायचं म्हणजे शेजारच्या गरम इमारतीत. मी बायकोला उठवलं नाही आणि परतताना खोली चुकलो, सगळ्या भिंती सारख्याच पांढऱ्या. सकाळी गरम लिंगनबेरीचं सरबत आणून देतात, त्या पेल्यावर दोघांनी हात शेकले.

कवडसा:
दक्षिणेचाही विचार करा म्हणावं. लग्नाच्या दगदगीनंतर सगळ्यांना बर्फ झेपत नाही. आम्ही सेव्हिल आणि ग्रानाडाला गेलो. दुपारी स्वेटर पुरतो, आल्हाम्ब्राच्या बुरुजावरून सिएरा नेवाडाचा बर्फ लांबून दिसतो. ५ जानेवारीला संध्याकाळी तीन राजांची मिरवणूक असते, गोळ्या-चॉकलेटं उधळतात. माझ्या पर्समध्ये मार्चपर्यंत सापडत होती. सँटोरिनीचा मोह मात्र हिवाळ्यात नको, बरीच हॉटेलं बंद असतात.

रुळावरून:
बर्फामुळे विमान रद्द झालं तर एक लक्षात ठेवा. युरोपातून सुटणाऱ्या विमानाबाबत, हवामानामुळे रद्द झालं तर २५० ते ६०० युरोंची भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि रात्रीची खोली विमान कंपनीनेच द्यायची. आम्हाला काउंटरवर सरळ नाही म्हणाले. बायकोने नियम फोनवर उघडून शांतपणे समोर धरला. खोली मिळाली.

सांजवेळ:
बहिणीने सगळं वाचलं. तक्त्यातून झ्युरिक, प्राग आणि लंडन गेलं. व्हिएन्नात ५ रात्री, रोव्हानिएमीत ४. दोन दिवसांच्या रकान्यात तिने काहीच लिहिलेलं नाही, नुसती रेघ. आता तिचा प्रश्न आहे, बूट नेहमीच्या मापाचे घ्यायचे की मोठे?

शेवंती:
माझाही हाच प्रश्न!

गारठा:
एक नंबर मोठे. जाड मोजे घालून दुकानात जा, बोटं आत हलली पाहिजेत. आणि रात्री दाराशी ठेवू नका, आत घ्या.